जास्वंदीखालची जाळी

आक्का, तू गेल्यावर तुला काही सांगायचं राहिलं असं मला कधी वाटलं नाही. जे होतं ते मी तुझ्या तोंडावर बोलायचे आणि तूही माझ्या. मग आज काय झालं म्हणशील. आज सकाळी माझ्या पोरीनं, तुझ्या नातीनं, मला एक गोष्ट विचारली, ती खरं म्हणजे तुला विचारायची होती. तू नाहीस म्हणून उत्तर मी दिलं. ती गाडी काढून गेली आणि तेव्हापासून मी या घरात नुसती फिरतेय. शेजारच्या विणकराच्या मागासाठी कांड्या भरायला बसले, तर सूत सारखं तुटायला लागलं. उठून भांडी घासली, घासलेलीच परत घासली. शेवटी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, कोरी बाजू वर केली आणि लिहायला बसले. चौथीपर्यंतची माझी शाळा, अक्षर कुठंही पळतंय. तुला तरी कुठं वाचता येत होतं. आई असून तुला आई असं मी कधी म्हटलं नाही, मामा-मावश्या आक्का म्हणायचे म्हणून मीही तेच म्हणत आले. आता बदलायला नको.

तुझा कडकपणा आठवला की मला अजून आपल्या निपाणीकडच्या घरातला आड दिसतो. आपल्या जैनांच्या घरात पाणी गाळूनच प्यायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गाळल्यावर त्या कापडात जे उरतं त्याचं काय करायचं हे तू जसं पाळायचीस तसं बस्तीत रोज देवदर्शनाला येणाऱ्या बायकासुद्धा पाळत नव्हत्या. कापड उलटं करून वरून स्वच्छ पाणी ओतायचं, ते बारीक जीव छोट्या बादलीत घ्यायचे आणि ती बादली आडात सोडायची. बादलीच्या बुडाला कडी होती, पाण्याला टेकल्यावरच ती उपडी व्हायची, म्हणजे वरून आपटून कुणी मरायचं नाही. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात परत. एकदा मला शाळेला उशीर होत होता आणि मी गाळणं मोरीत झाडलं. तू चुलीपुढं होतीस, भाकरी तव्यावर होती, तरी तुला कळलं. अजून मला समजलेलं नाही कसं ते.

"कुठं झाडलंस गं गाळणं?"

"मोरीत."

"मोरीत त्यांचं घर हाय व्हय? तुला उचलून कुणी चिकोडीच्या बाजारात सोडलं तर चालंल?"

"त्यात काय दिसत तरी हाय का, आक्का?"

"तुला दिसत न्हाय म्हणून ते न्हाय व्हय?"

मारलं नाहीस. शाळा बुडवलीस आणि घरातलं सगळं पाणी, घागरी, हंडे, गुरांचं सुद्धा, माझ्याकडून नव्यानं गाळून घेतलंस. रडत गाळलं मी. पुढं माझ्या लग्नात दागिन्यांच्या आधी तू मला गाळण्याचं जाड कापड दिलंस, दुहेरी शिवलेलं. सासूबाई बघतच राहिल्या. इथं वडगावात नळ आहे, मी ते कापड नळाला बांधते. पण उरलेलं परत कुठं सोडायचं? नळात मागं ढकलता येत नाही. झाडाला घालते आणि तुझी माफी मागते, म्हणजे मनात. मोठ्यानं नाही मागत.

मग तुझी टाच. साखरेच्या आजारानं पायातलं कळणं गेलं होतं, खिळा लागला तो तुला समजलाच नाही. जखम आधी बंद्या रुपयाएवढी होती, मग वाटीच्या बुडाएवढी झाली. मी पोरीला घेऊन माहेरी येऊन राहिले ते तेव्हा. डॉक्टरांनी कॅप्सुला दिल्या, तू पहिल्याच दिवशी एक चिमटीत धरून उजेडात बघितलीस आणि विचारलंस, "ही वरची पिशवी कशाची?" डॉक्टर खरं बोलणारा माणूस. म्हणाला, जनावराच्या कातड्या-हाडांपासून करतात. झालं. तेव्हापासून रोज कॅप्सूल उघडायची, आतली पूड गुळाच्या पाण्यात कालवून तुला द्यायची, आणि ती रिकामी टरफलं वाटीत गोळा करायची. कचऱ्यात टाकू द्यायची नाहीस. "कुणाचं तरी अंग हाय ते," म्हणायचीस, "नीट मातीत घाल." मी परसातल्या जास्वंदीखाली उकरून पुरायची. वाटी तुझी नात धरायची. एवढीशी होती, फ्रॉक खोचून माझ्याबरोबर उकिडवी बसायची आणि प्रत्येक टरफलावर माती लोटायची. लाल-पिवळी, लाल-पिवळी. अंत्ययात्राच रोजची.

आणि तो दिवस. डॉक्टर घरी आला, पिशवीतून एक पातळ चकती काढली, कागदासारखी पांढरी. म्हणाला, आज्जी, ही जखमेवर ठेवली की खालून नवं मांस धरायला आधार मिळतो, बघू या लावून. मी गरम पाणी घेऊन उभी आहे. पोरगी तेव्हा तिच्या आज्जाबरोबर बस्तीत गेलेली. तू विचारतेस, "कशाची?" डॉक्टर माझ्याकडं बघतो. मी डोळ्यांनी सांगते, बोलू नको. तो बोलतो, जनावराच्या कातड्याची. आणि तू तुझा पाय गोधडीत मागं ओढून घेतेस. तोंडानं एक शब्द नाही, हो नाही की नको नाही. नुसता पाय आत. मी किती बोलले त्या दिवशी तुला! गोधडी ओढली. म्हटलं, पाय जाईल, मग नियम कुठं ठेवून चालणार हायस? तू भिंतीकडं तोंड केलंस. तो नियम तू शेवटपर्यंत पाळलास. जखम शेवटपर्यंत उघडी राहिली. त्या चकतीनं तू वाचली असतीस का, हे मला माहीत नाही, डॉक्टरलाही माहीत नव्हतं. पण मला ती लावून बघायची होती, आक्का. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

जायच्या आधी तू पोरीचा हात हातात घेऊन तिला नियम दिलास. कुणाच्या कातड्याला, हाडाला हात लावायचा नाही. तिनं तो पाळला. चामड्याची चप्पल नाही, पट्टा नाही. शाळेत गुण मिळाले म्हणून कुणी पर्स दिली, तीसुद्धा परत केली. मी म्हणायचे, लहानपणी दिलेला शब्द हाय तो, एवढं काय. ती म्हणायची, "आज्जीनं मला दिलाय, तुला न्हाय." तुझीच जात.

आता ती काय करते ते ऐक. मला जेवढं कळलंय तेवढं सांगते, चुकलं तर चुकलं. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथं न भरणाऱ्या जखमांसाठी कातडीसारखा तुकडा बनवायला बघतात. माणसाच्या अंगातल्या जिवंत पेशी घ्यायच्या, त्या वाढवायच्या, मऊ खळीत मिसळायच्या, आणि ती खळ एका यंत्रातून बारीक सुतासारखी सोडायची, आडवी, मग त्यावर उभी, मग परत आडवी, जाळी होईपर्यंत. मी म्हटलं, "म्हंजे सोऱ्याच की! शेव पाडता आणि पगार घेता." ती म्हणाली, "व्हय, पण आमची शेव जिवंत असती." अजून माणसाच्या जखमेवर कुणी ठेवत नाही, लई वर्षं लागतील म्हणते. मी विचारलं, हेच काम का धरलंस? तर म्हणाली, "वाटी कुणी धरलीती?"

गेल्या वर्षी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले जुन्या टाक्यांची जादा कातडी कापून टाकावी लागेल. पोरगी म्हणाली, "आई, टाकणारच हायत, मग आम्हाला दे." म्हटलं, "घे की. मला काय तिचं लोणचं घालायचंय?" सही केली. तर माझ्या त्या फाटक्या कातडीतल्या पेशी तिथं वाढल्या, आक्का. मी इथं कांड्या भरतेय आणि मी तिथं डबीत पण आहे. गेल्या आठवड्यात ती मला बघायला घेऊन गेली. मला टोपी घातली, पायात पिशव्या घातल्या, लग्नातल्या आचाऱ्यासारखी दिसत होते. एक पेटी उघडली, आत अंगाएवढी ऊब, आणि डब्यांत गुलाबी पाणी. पोरगी सांगते, पेशींना अंगात असतं तसंच पाणी, तशीच ऊब ठेवावी लागते, एक दिवस चुकलं तर मरतात. मला आपला आड आठवला. मनात म्हटलं, हे आक्काला आवडलं असतं. मग तिनं दुर्बिणीतून दाखवलं. आधी म्हणाली, ही नुसत्या समुद्री शेवाळाच्या खळीतली जाळी. बघितलं तर पेशी गोल गोल, वाटाण्यासारख्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. "धरत न्हाईत," ती म्हणाली, "त्यांना पाय रोवायला काय मिळत न्हाय ह्यात. थोड्या दिवसांनी मरतात." मग दुसरी डबी ठेवली. त्यात त्या लांब झाल्या होत्या, दोन्हीकडं पाय टाकलेल्या, एकीचा दुसरीला लागलेला. त्या माझ्या होत्या. तुला दिसत न्हाय म्हणून ते न्हाय व्हय, हे तू म्हणाली होतीस, आणि मी डोळा लावून तेच बघत होते.

"ह्याची खळ वेगळी हाय?" मी विचारलं.

"वेगळी हाय."

"कशाची?"

तिनं ऐकलं नाही असं केलं. तिचे सर तिथं होते, धारवाडकडचे, आमच्याशी कन्नडच बोलतात. मी एका डबीकडं बोट नेलं तर ओरडले, "मुट्टबेडी अम्मा!" हात लावू नका. मग वाईट वाटलं असेल, एक झाकणाची डबी मला दिली, त्यात पेशी न घालता नुसत्या त्या दुसऱ्या खळीची पाडलेली जाळी. म्हणाले, "इदरल्ली जीव इल्ला, तगोळ्ळी." यात जीव नाही, घ्या. मी डबी मांडीवर धरून पोरीच्या गाडीवर मागं बसले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा परत विचारलं, "खळ कशाची गं?" तिनं पुढं बघतच सांगितलं. शेवाळाचीच, पण त्यात कातड्याची मिसळलेली. जिलेटीन. कॅप्सूलच्या टरफलात असतं तेच. दुसऱ्या तऱ्हेनं केलेलं, जनावर न लागणारं मिळतं म्हणे कुठं कुठं, पण त्यांच्याकडं येत नाही. "मी हात लावत न्हाय," ती म्हणाली, "जोडीदारीण कालवती. मी फक्त पेशी घालतो त्या बाजूचं बघते." सिग्नल सुटला.

आता इथं मी जे केलं ते विचार करून केलेलं नाही. घरी आले, चप्पल काढली, डबी उघडली, ती जाळी बोटावर घेतली. थंड, मऊ, लहान बाळाच्या कानासारखी. आणि सरळ मागल्या दारी गेले, कुंडीतल्या जास्वंदीखाली चमच्यानं उकरलं आणि ती पुरली. माती लोटली, वर पाणी घातलं. हात आपोआप चालले. उठले तर मागं पोरगी उभी.

"काय केलंस आई?"

"काय न्हाय. कुंडी उकरली."

ती त्या ओल्या मातीकडं बघत राहिली. आधी हसली. मग तिचं हसू गेलं आणि म्हणाली, "म्हंजे तुलापण ते कुणाचं तरी अंगच वाटलं." चमचा माझ्या हातात होता. तुझी सवय, आक्का, माझ्या हातात घालून गेलीस, ती माझ्या तोंडाआधी बोलून गेली.

त्यानंतर तिचं जेवण कमी झालं. कारण काय ते मला काल कळलं. ती जोडीदारीण लग्न होऊन गेली. खळ कालवायचं काम आता हिच्यावर आलंय. सरांनी सांगितलंय, आजपासून तू करणार की दुसरं कुणी बघू? दुसरं कुणी आलं तर हिचा तुकडा त्याच्याकडं जाणार, आणि ही बेंगळूरला एका औषधाच्या कंपनीत गोळ्या तपासायला जाणार. तसं बोलावणं येऊन पडलंय. चांगला पगार आहे. मी म्हटलं असतं जा, तर गेली असती. पण मी त्या दिवशी दुर्बिणीतून बघितलेलं होतं. आणि तिचं तोंडही बघितलं होतं, ती डबी दाखवताना. तुझ्या घरी वाटी धरून बसायची तेव्हा होतं तसं.

आज सकाळी मी उप्पीट वाढलं. तिनं चमचा फिरवला, खाल्लं नाही. केस बांधता बांधता म्हणाली, "आई, हातमोजे घातले तरी हात माझेच की गं. आज्जी असती तर काय म्हणाली असती?"

तू काय म्हणाली असतीस हे मला ठाऊक आहे. मला जितकं ठाऊक आहे तितकं या जगात दुसऱ्या कुणाला नाही.

मी कढई उतरवली. म्हटलं, "म्हणाली असती कशाला, म्हणालीच होती. तुला ठाऊक न्हाय. तू बस्तीत गेलतीस. डॉक्टरनं कातड्याची चकती आणलीती, टाचेवर लावायला."

"मग?"

"आधी न्हाय म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारली, म्हणाली, बोलव त्याला, लावू दे. गोधडीतनं पाय पुढं केला. पण जखम लई चिघळलीती तोवर. डॉक्टर म्हणाला आता उपयोग न्हाय."

तिचे हात केसांतच थांबले. "मला कधी सांगितलं न्हायस."

"तू केवढी होतीस? आणि तिचा नियम मोडल्याचं मी गावभर सांगत फिरू व्हय?"

"खरं सांगतीस?"

"खोटं बोलून मला काय मिळायचं? उप्पीट गार व्हायलंय, खा."

तिनं खाल्लं. सगळं. ताटली धुऊन ठेवली, स्कार्फ बांधला, आणि दारात थांबून माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाली, "आज्जीनं पाय पुढं केला." मग गाडीचा आवाज कोपऱ्यावरून गेला.

तेव्हापासून हे असं चाललंय माझं. फोन हातात घेते, ठेवते. अजून वेळ होता, सांगता आलं असतं, थांब, कालवू नको, मी उगाच बोलले. तिचा नियम तुझ्या नावानं होता आणि तुझ्याच नावानं मी तो मोडायला लावला. तिचं एक ठीक आहे, तिला काम करायचं होतं. तुझं काय? तू एवढी ताठ राहिलीस, शेवटपर्यंत, त्या वासात, त्या तापात, आणि मी एका उप्पिटाच्या ताटलीसाठी तुझा पाय गोधडीबाहेर काढला. तू असतीस तर मला सगळ्या गावाचं पाणी गाळायला लावलं असतंस. मी गूळ सोडलाय आजपासून. तेवढ्यानं काही होत नाही, मला कळतं. चहा कडू लागला म्हणून अजून चिडले, एवढंच झालं.

मधे उठावं लागलं, फोन वाजला. पोरगीच होती. मागं यंत्राचा आवाज. म्हणाली, "आई, कालवली. जाळी पाडली. आता पेटीत ठेवली. उद्या बघायचं धरतंय का." मी म्हटलं, "बरं." मग म्हटलं, "पाणी वेळेवर बदल." ती हसली. "व्हय गं आज्जी," म्हणाली. मला आज्जी म्हणाली.

हे पान कुठं ठेवू? जास्वंदीखाली ठेवता येत नाही, तिथं ती बघते. बस्तीत नेऊन ठेवायचा प्रश्नच नाही. घडी करून गाळण्याच्या कापडात गुंडाळून वरच्या फळीवर टाकते, त्या कापडाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. तू वाचणार नाहीस, त्यामुळं एक अजून लिहिते आणि थांबते, सूत वाट बघतंय. सकाळी पोरीला ते सांगत होते ना, तेव्हा मला दिसलं, आक्का. गोधडी हलली, आणि तुझा पाय हळूच बाहेर आला, टाच माझ्याकडं. मी गरम पाणी घेऊन उभीच होते. मी बनवून सांगतेय हे मला माहीत होतं, तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुझा राग आला नाही.